वर्षाला ८ लाख पेन्शन, पण आपल्या मुलखात राहायचं नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना घाईत सुटलेल्या काही तारखा इथं नीट घातल्यात.

सुरुवात एका आकड्यानं करू. वर्षाला ८ लाख रुपये. आपल्या आयटीवाल्यांना हा आकडा ओळखीचा आहे, दोन-चार वर्षांच्या अनुभवावर एवढं पॅकेज मिळून जातं. पण मी सांगतोय ते पॅकेज १८१८ सालचं आहे. आणि त्यासाठी काम काहीच करायचं नाही, फक्त रिटायर व्हायचं. त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत साध्या शिपायाला महिन्याला ७ रुपये मिळायचे, म्हणजे वर्षाला ८४. भागाकार करून बघा. ८ लाखांत साडेनऊ हजार शिपायांचा वर्षभराचा पगार निघतो.

हे पॅकेज घेतलं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुणं हातचं गेलं, आणि पुढचे काही महिने इंग्रज मागे आणि पेशवे पुढे अशी पळापळ चालली. शेवटी ३ जून १८१८ ला असीरगडाच्या परिसरात बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. वय वर्षं ४३. माल्कमनं वर्षाला ८ लाख कबूल केले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, पण शब्द दिला गेला होता.

आता अट ऐका. गादी सोडायची, आणि दख्खनही सोडायचं. परत पुण्याला यायचं नाही. राहायला काशी, किंवा उत्तरेतलं दुसरं एखादं तीर्थक्षेत्र. बाजीरावांनी विनंती करायची आणि जागा गव्हर्नर जनरलनं ठरवायची. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर फॉर्म तुम्ही भरा, अलॉटमेंट आम्ही करू.

अलॉटमेंट झालं बिठूरला. कानपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं गंगाकाठचं गाव. जुनं नाव ब्रह्मावर्त. ब्रह्मदेवानं इथं यज्ञ केला अशी श्रद्धा आहे, वाल्मीकींचा आश्रम आणि लव-कुशांच्या कथाही याच गावाशी जोडलेल्या आहेत. म्हणजे बाजीरावांच्या यादीतल्या सगळ्या खुणा टिक झाल्या. गंगा आहे, घाट आहे, पुण्यक्षेत्र आहे. आणि कंपनीची यादी? कानपूरला मोठी छावणी आहे, फौज जवळ आहे, नजर ठेवता येते, आणि पुणं शेकडो कोस लांब आहे. दोन्ही याद्या एकाच गावात जमल्या. बाजीरावांना वाटलं असेल आपण गाव निवडलं, पण निवडणारा दुसराच होता.

१८१९ साली बाजीराव बिठूरला पोचले. त्यांच्यामागं हजारो माणसं गेली. भट, पुजारी, कारकून, आचारी, शागिर्द, नातेवाईक, नातेवाइकांचे नातेवाईक. गंगेच्या काठी मराठी बोलणारं एक गावच उभं राहिलं. वाडे झाले, सणवार सुरू झाले, दक्षिणा वाटल्या जाऊ लागल्या. कंपनीनं तिथं एक कमिशनर नेमला. पहिला होता जॉन लो. याचं काम एकच, पेशव्यांकडे लक्ष ठेवणं. पुढं १८३२ मध्ये कायदा करून बिठूरचा तो भाग नेहमीच्या दिवाणी-फौजदारी कोर्टांच्या कक्षेबाहेर काढला. म्हणजे कानपूरच्या माणसाला जो कायदा लागू होता, तो या वस्तीला लागू नव्हता. शेजारी राहायचं, पण वेगळं.

आणि याच वस्तीत आपण शाळेत शिकलेली माणसं मोठी झाली. येवल्याच्या पांडुरंगरावांचा मुलगा रामचंद्र, म्हणजे तात्या टोपे. कर्जतजवळच्या वेणगावचं एक कुटुंब पेशव्यांच्या आसऱ्याला आलं होतं. त्यांचा मुलगा धोंडोपंत १८२७ साली बाजीरावांनी दत्तक घेतला. तो नानासाहेब. बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा काशीला राहायचे. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते, ते नंतर बिठूरला आले. सोबत त्यांची लहान मुलगी मनू होती, पुढची झाशीची राणी लक्ष्मीबाई. म्हणजे १८५७ ची अर्धी स्टारकास्ट एका रिटायर माणसाच्या आसऱ्यानं वाढली.

बाजीराव बिठूरला जवळजवळ ३२ वर्षं राहिले. २८ जानेवारी १८५१ ला ७६ व्या वर्षी वारले. ८ लाख गुणिले ३२ करा, अडीच कोटींच्या वर जातं. पुन्हा सांगतो, ७ रुपये महिना पगाराच्या काळातले अडीच कोटी.

मग काय झालं? नानासाहेबांनी पेन्शन मागितली. त्यांचं म्हणणं असं, की करार बाजीरावांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या चरितार्थासाठी झाला होता. आजच्या भाषेत, फॅमिली पेन्शन द्या. गव्हर्नर जनरल डलहौसीनं नाही म्हटलं. पेन्शन त्या माणसापुरती होती, तो गेला, विषय संपला, आणि मागं ठेवलेलं धन पुरेसं आहे. नानासाहेबांनी अजीमुल्ला खानला वकील म्हणून थेट लंडनला पाठवलं. तिथंही काही झालं नाही. पुढं १८५७ आलं, कानपूर पेटलं, आणि इंग्रजांनी बिठूर घेतल्यावर पेशव्यांचा वाडा जमीनदोस्त केला. वस्ती विखुरली. मोजकी मराठी घरं आजही बिठूरात आहेत. पण ज्या गावात एकेकाळी हजारो मराठी माणसं होती, तिथं उरल्या त्या खुणा आणि स्मारकं.

आता हे सगळं मी का सांगतोय? कारण आमच्या घरी सध्या हाच प्रश्न चालू आहे, फक्त शून्यं कमी आहेत.

मी भिवापूरचा. नागपूर जिल्ह्यातला तालुका, नागपूरपासून साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. तुम्ही कधी खरी झणझणीत तर्री खाल्ली असेल, तर आमची भिवापुरी मिरची तुम्हाला माहीत असणार, तिला जीआय मानांकन पण आहे. बीटेक करून मी हैदराबादला नोकरीला लागलो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत, पुढच्या वर्षी ५८ पूर्ण होऊन रिटायर होतील. माझा फ्लॅट अकराव्या माळ्यावर. मी म्हटलं, दोघंही इकडं या.

मी एक एक्सेल शीट केली. सवय आहे. हॉस्पिटल किती लांब, पाणी, लिफ्ट, खर्च, हवा, भिवापूरला जायला किती तास. हैदराबादला भरपूर मार्क मिळाले. आईला पटलं. तिचं कारण सरळ आहे. बाबांना शुगर आहे, बीपी आहे, आणि रात्री काही झालं तर मोठा दवाखाना नागपूरलाच. आमच्या गावावरून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली बंद झाली. तशी ती गाडी अर्ध्या रात्री कामाची नव्हतीच म्हणा. आई म्हणते, "रात्री दोन वाजता कोनाले उठवू?" बाबांनी शीट खालपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे सारं ठीक हाय. पन सकाळी चाय प्यायले मी कोनाच्या टपरीवर बसू?"

या प्रश्नाला माझ्याकडे कॉलम नव्हता. म्हणून मग मी इतिहासात शिरलो. परक्या मुलखात म्हातारपण काढायला गेलेल्या मराठी माणसांचं पुढं काय झालं, ते शोधत बसलो. बिठूर त्यातलं सगळ्यात श्रीमंत उदाहरण. पण आमच्या नागपूरचं उदाहरण त्याच्या बरोबर उलटं आहे.

बाजीराव पळत होते, त्याच काळात नागपूरच्या गादीवर आप्पासाहेब भोसले होते. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली. आज तिथं मेट्रो स्टेशन आहे, शेजारी टेकडीवर किल्ला आहे. लढाई हरले, आणि पुढच्या वर्षी रेसिडेंट जेंकिन्सनं आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या वाटेवर ते पहाऱ्यातून निसटले. पहाऱ्यावरचे शिपाई फितवले आणि त्यांच्याच वेशात बाहेर पडले. मग महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्यानं राहिले. तिथून असीरगड. तो किल्ला पडला तेव्हा थेट पंजाब. पेन्शन नाही, गादी नाही, मागं कंपनी.

बरीच वर्षं अशी वणवण केल्यावर ते १८२९ च्या सुमाराला जोधपूरला पोचले. तिथं महामंदिर नावाचं नाथपंथी देवस्थान आहे. जोधपूरचा राजा मानसिंग नाथांचा भक्त होता. आप्पासाहेबांनी तिथं आसरा घेतला. कंपनीनं मागणी केली, हा माणूस आमच्या ताब्यात द्या. मानसिंगानं दिला नाही. कंपनीशी त्याचा तह झालेला होता, नाही म्हणणं सोपं नव्हतं. तरी शरण आलेल्याला सोडायचं नाही, या आपल्या रीतीवर तो अडून राहिला. शेवटी कंपनीला तडजोड करावी लागली आणि आप्पासाहेब जोधपूरलाच राहिले. १८४० मध्ये तिथंच वारले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकाकडे ८ लाख होते, पण गावाचा यजमान त्याच्यावर पाळत ठेवत होता. दुसऱ्याकडे काहीच नव्हतं, पण यजमान त्याच्यासाठी भांडला. मात्र आप्पासाहेबांचं स्वागतही एका राजाच्या मर्जीवर टिकून होतं. राजाच्या जागी दुसरा असता तर? हा धोका माझ्या ऑफरमध्येही आहे. आई-बाबांचं हैदराबाद म्हणजे माझी एक नोकरी. उद्या कंपनीनं मला पुण्याला पाठवलं, तर अकराव्या माळ्यावर ते दोघं काय करतील?

मग टिकतं ते कुठं? त्यासाठी काशीला जावं लागतं.

मराठी माणूस म्हातारपणी काशीला जायचा ही फार जुनी चाल. घरदार मुलांच्या हवाली करायचं आणि शेवटची वर्षं गंगेकाठी काढायची, याला काशीवास म्हणायचे. पण अनोळखी शहरात हा म्हातारा उतरायचा कुठं? तिथं आधीच मराठी गल्ल्या होत्या. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा घाटाचा भाग. याची सुरुवात पेशव्यांच्याही फार आधीची. पैठणच्या भट घराण्यानं सोळाव्या शतकात काशीत बस्तान बसवलं, विद्येच्या जोरावर तिथं मान मिळवला. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर आले. आपण त्यांना काशीचे पंडित म्हणतो, काशीवाले त्यांना दक्षिणेचे म्हणत असतील. पुढं अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचं मंदिर बांधलं, नागपूरकर भोसल्यांच्या नावाचा घाट झाला. नव्यानं जाणाऱ्याला पायरी तयार मिळत गेली.

आणि ही वस्ती नुसती म्हाताऱ्यांची नव्हती, हे महत्त्वाचं. बापूदेव शास्त्रींचं बघा. १८२१ चा जन्म, शिक्षणाचा काही काळ आमच्या नागपुरात गेला, लीलावती आणि बीजगणित ते इथं शिकले. १८४२ पासून बनारसच्या सरकारी संस्कृत कॉलेजात गणित शिकवू लागले. सूर्यसिद्धान्ताचं इंग्रजी भाषांतर केलं, हिंदीत बीजगणितावर पुस्तक लिहिलं. काशीला त्यांची गरज होती. दुसरे बाबूराव विष्णु पराडकर. मराठी घरात, काशीतच १८८३ साली जन्म. १९२० मध्ये सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे नावाजलेले संपादक. हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतात, 'मुद्रास्फीति' सारखे शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात. घरात मराठी, बाहेर शहराची भाषा, आणि काम शहराचं.

बिठूरात मात्र वस्तीचा जवळपास सगळा डोलारा एका पेन्शनीवर उभा होता. ती थांबली की पाया गेला. काशीच्या गल्लीत एखाद्या घरचा आधार तुटला, तरी शेजारी दुसरा शिकवत होता, तिसरा छापखान्यात होता, चौथ्याचं दुकान होतं. म्हणून तिथं नवा म्हातारा उतरला, तरी त्याला ओटा मिळत राहिला.

उलट दिशेनं पण बघू. आपल्याकडे बाहेरून आलेल्यांचं काय? १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिच्याबरोबर किती बंगाली, किती तेलुगू माणसं नागपूरला आली, आणि नोकरी संपल्यावर कित्येकांनी इथंच घर केलं. त्याच्याही आधी, १८७० च्या दशकात, बंगालमधून बिपिन कृष्ण बोस नावाचे तरुण वकील मध्य प्रांतात आले. नागपूरला वकिली केली, शहराच्या कारभारात पडले, आणि १९२३ साली नागपूर विद्यापीठ झालं तेव्हा पहिले कुलगुरू तेच. वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. ज्या वयात माणूस गावाकडे परततो, त्या वयात नागपूरनं त्यांच्या हातात विद्यापीठ दिलं. धंतोलीतली बंगाली दुर्गापूजा आज आमच्या पोरांना पण घरची वाटते. आरती बंगालीत, गर्दी सगळी नागपुरी.

मग मी माझी शीट पुन्हा उघडली. चार कॉलम वाढवले. पहिला, ही निवड खरंच कोण करतंय? म्हणजे बिठूरची दुसरी यादी. आमच्या बाबतीत ती माझी निघाली. रजा कमी, भिवापूरला फेऱ्या जास्त, आई-बाबा इथं असले तर माझी सोय. दुसरा, आपल्याआधी तिथं कोण गेलंय? तिसरा, तिथं आपल्याला काम काय, भले बिनपगारी? चौथा, एक दोरी तुटली तर दुसरी आहे का?

दुसऱ्या कॉलमसाठी हैदराबाद शोधलं तेव्हा एक गोष्ट नव्यानं दिसली. हे शहर मराठी माणसाला परकं कधीच नव्हतं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आपली मराठवाड्याची माणसं कोर्टकचेरीला, शिकायला, नोकरीला इथंच यायची. केशवराव कोरटकरांसारख्यांनी इथं विवेक वर्धिनी शाळा काढली. मराठी ग्रंथसंग्रहालय इथं शंभरेक वर्षांपासून आहे. माझ्या ऑफिसपासून ही सगळी जुन्या वस्तीकडची बाजू लांब पडते, म्हणून आयटीतल्या आम्हा पोरांना तिचा पत्ताच नसतो. आम्ही फ्लॅट घेतो ते विमानतळ आणि ऑफिस बघून.

हे बाबांना फोनवर सांगितलं. जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "वाचनालयात पेपर कोनते येतात?" दुसरा प्रश्न, तिथं लहान पोरांना मराठी शिकवायला कोणी लागतं का. मी म्हटलं, विचारून सांगतो. आई मागून म्हणाली, "दवाखान्याचं बी विचार म्हनावं." तिची रात्री दोन वाजताची काळजी अजून तिथंच आहे, आणि ती बाबांच्या टपरीइतकीच खरी आहे.

आत्तापुरतं ठरलंय ते एवढंच. घर विकायचं नाही, शेत बटईनं द्यायचं. पावसाळ्यात दोन महिने हैदराबादला येऊन राहायचं, पण माझ्या अकराव्या माळ्यावर नाही, जुन्या मराठी वस्तीच्या जवळ भाड्याची खोली बघायची. मला ऑफिसला जायला त्रास होईल, तो मी बघेन. दोन महिन्यांनी बाबा आणि आई वेगवेगळे मार्क देतील. शीट मी त्यांच्याच फोनवर टाकून दिलीये, आता त्यात मला बदल करता येत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच दुसऱ्या राज्यात नोकरीला असणार, आणि आई-बाबांना इकडं आणायचं तुमच्याही डोक्यात असणार. या रविवारी फोन कराल तेव्हा हॉस्पिटलचं अंतर सांगा, जरूर सांगा. त्याबरोबर तुमच्या शहरातली आपल्या माणसांची जुनी गल्ली कुठं आहे, तेही शोधून ठेवा. इंदूर, वडोदरा, ग्वाल्हेर, तंजावर, बेळगाव, जिथं असाल तिथं ती सापडायची शक्यता बरीच आहे. सापडली तर मला कळवा, एखाद्या भागात तुमच्या शहराची गोष्ट घेऊ.

पुढचा भाग तंजावरचा. तिथं मराठी माणसं गेली ती रिटायर व्हायला नाही, राज्य करायला. तिचा सांबार कसा झाला ती कथाही ऐकू, आणि त्यातलं खरं किती तेही तपासू. भेटूया.